मानेवरचा मळ

मी माणसांच्या माना बघते. एसटीत पुढच्या सीटवर कोणी बसलं, लग्नात पुढच्या रांगेत कोणी बसलं, की माझी नजर आधी मानेवर जाते. खोड वाईट आहे, पण आता ह्या वयात ती जायची नाही. मागे एका लग्नात एका तरण्या पोरीच्या मानेवर पावडरीचा थर होता. घामानं पावडर ओघळली आणि खालचा काळा पट्टा दिसायला लागला. तिची आई रुमाल ओला करून तो खसाखसा पुसत होती. मला राहवलं नाही. म्हणाले, "बाई, पुसू नका. तिची साखर तपासून घ्या."

बाईनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी तिच्या पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं. म्हणाली, "आमच्या घराण्यात कुणाला साखर नाही." आमच्याही घराण्यात कुणाला नव्हती. कुणी तपासलीच नव्हती तर असेल कुठून? मी रागारागानं जेवून उठले. तो राग त्या बाईपुरता नव्हता. तो मी चौदा-पंधरा वर्षांची असल्यापासूनचा आहे, आणि अजून निवलेला नाही.

आमचं गाव काष्टीपासून बैलगाडीनं जायच्या अंतरावर. घोड नदीवर धरण झालं, पाट आला, आणि ज्या रानात ज्वारी-बाजरीशिवाय काही उगवलं नव्हतं तिथं ऊस उभा राहिला. सत्तर-एकाहत्तर साल असेल. वडिलांनी ओढ्याकाठी गुऱ्हाळ घातलं. चरकाला बैल, चुलवाणावर रस आटवायची काहील, आणि सगळ्या शिवारात गुळाचा वास. गावाला त्याचं केवढं कौतुक. गुऱ्हाळाचा एक रिवाज असतो: तिथं येईल त्यानं पोटभर रस प्यायचा. विचारायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. रस नको म्हणणारा माणूस भांडायला आला आहे असं समजत.

आणि रस थंड. हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. उन्हाळी लागली, रस प्या. घोळणा फुटला, रस प्या. तोंड आलं, डोळे आले, अंगावर पुटकुळ्या आल्या, तर अंगात उष्णता झाली, आणि उष्णतेला रस. गूळ मात्र गरम. एकाच उसाचं एक थंड आणि दुसरं गरम, ह्यात कुणाला काही खटकत नसे. मलाही तेव्हा खटकलं नाही.

घरात राज्य आत्याचं. ती वडिलांची थोरली बहीण, लहानपणी विधवा होऊन परत आलेली. आजी लवकर गेली, तेव्हा तिनंच वडिलांना वाढवलं, त्यांचं लग्न केलं, आईला पसंत केलं. वडील तिला आक्का म्हणत आणि तिच्यापुढे कधी ब्र काढत नसत. आत्या वाईट नव्हती. हे मी आधीच सांगून टाकते, कारण वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं. ती सगळ्यात आधी उठे, सगळ्यात शेवटी जेवे आणि आईच्या दुखण्याखुपण्यात तिच्याइतकं कुणी केलं नाही.

आई अंगानं भरलेली, सावळी, हसरी. तिची मान काळी पडायला लागली. आधी मागच्या बाजूला एक पट्टा, मग घड्यांमध्ये जाड काळ्या रेघा, मग काखेतही. चेहरा सावळा आणि मान काजळीची. अंबाडा वर बांधला की उठून दिसे, म्हणून ती डोक्यावरचा पदर मानेवर ओढून घ्यायला लागली.

"न्हाती का नुसती पानी वतून येती?" आत्या म्हणाली.

"घासते की वन्सं. जात न्हाई," आई म्हणाली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका जमल्या. वाकून वाण घेताना आईचा पदर सरकला आणि एक बाई दुसरीच्या कानाला लागली. आत्यानं ते पाहिलं. आमच्या घरची सून न्हात नाही, असं गावात बोललं जाणार, हे तिला सहन होणारं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं न्हाणीत आईला पाटावर बसवलं, पाणी कढत केलं आणि अंग घासायचा दगड घेतला. आमच्या न्हाणीतला तो काळा, भोकाभोकांचा दगड टाचा घासायचा होता. मी बाहेर लाकडं फोडत होते. दगड घासल्याचा खर्र खर्र आवाज येत होता आणि आई मधूनच "बास वन्सं, बास" म्हणत होती. ती बाहेर आली तेव्हा मान लाल झाली होती आणि काळीही तशीच होती. आत्या म्हणाली, "लई दिसांचा हाय. एका न्हान्यात न्हाई निघायचा."

मग ते रोजचंच झालं. वडिलांना दिसत नव्हतं का? दिसत होतं. न्हाणीतलं बायकांचं काम, असं म्हणून ते बैलांकडे जात. मला आत्यापेक्षा त्यांचा जास्त राग आहे. आत्याला कळत नव्हतं; वडिलांना निदान एवढं तर कळत होतं, की आई कळवळते आहे.

मानेची कातडी सोलवटली आणि तिथं एक फोड आला. मग दुसरा. आत्यानं दगड ठेवून दिला, आणि जवसाची पोटिसं सुरू केली. फोड बसेना. काष्टीच्या बाजाराला बसणारा डॉक्टर सायकलवरून आला. त्यानं पायरीवर बसूनच फोड पाहिला, रक्त खराब झालंय म्हणाला, एक इंजेक्शन टोचलं, पिवळं मलम दिलं आणि चहा पिऊन गेला. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. आईला तहान किती लागते, रात्री किती वेळा उठावं लागतं, अंगाला कंड कुठे सुटते, हे त्यानं विचारलं नाही. आणि कंड कुठे सुटते हे आईनं त्याला मेली असती तरी सांगितलं नसतं. न्हाणीच्या मोरीपाशी मुंग्यांची रांग लागलेली असे, पण गुऱ्हाळवाल्याच्या घरात मुंग्या कुठे नसतात? आम्ही त्या रोज झाडून टाकत होतो.

उष्णता झाली, असं ठरलं. आता आईला थंड द्यायचं. चरकातून निघालेला पहिला रस गाळून, त्यात आलं-लिंबू न घालता, कारण आलं गरम, आत्या चरवीतून घरी आणायची. शेजारणीही आपापल्या गुऱ्हाळाचा रस घेऊन यायच्या. "आमच्या रानातला लई थंड हाय," म्हणायच्या. आई प्यायची. तिच्या घशाला सारखी कोरड पडायची आणि रस गोड लागायचा. जो प्यायल्यानं तहान वाढत होती तोच तहानेला देत होते. एवढी माया मी पुन्हा कुठे पाहिली नाही, आणि त्या मायेचा मला जेवढा राग येतो तेवढा कुठल्या दुष्टाव्याचाही येत नाही.

फोड पसरला. मानेवर तळहाताएवढी सूज, तिला चाळणीसारखी तोंडं, आणि ताप. गावातल्या एका म्हाताऱ्यानं ती बघून 'काळपुळी' म्हटलं आणि आवाज खाली केला. तेव्हा कुठे वडील हलले. एसटीनं आम्ही नगरला गेलो. आई, वडील, आत्या आणि मी. तिथल्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. पांढरं लुगडं, जाड भिंगाचा चष्मा, आवाज तुटक. त्यांनी फडकं काढलं, पण पुळीकडे नाही, पुळीच्या भोवतालच्या काळ्या कातडीकडे पाहिलं. मग काख पाहिली.

"मान कधीपासून काळी आहे?"

आत्या लाजून म्हणाली, "मळ हाय बाई. लई घासली, पन निघत न्हाई."

"कशानं घासली?"

आत्यानं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग आईला लघवी आणायला पाठवलं. परीक्षानळीत निळं औषध होतं. त्यात त्यांनी लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि मग विटेसारखं तांबडं. त्यांनी ती नळी आत्याच्या नाकासमोर धरली.

"ही साखर. हिच्या रक्तात आहे. मळ नाही हा. कातडी आधीपासून सांगत होती, आणि तुम्ही तिला दगडानं गप्प केलंत."

आत्या तेव्हा पहिल्यांदा मला म्हातारी दिसली. पदर तोंडात घालून ती दाराशी जाऊन उभी राहिली.

पुळी कापली, इन्सुलिनची इंजेक्शनं सुरू झाली, आणि आईजवळ मी राहिले. वॉर्डात फिरताना डॉक्टरीणबाई कधी मला बरोबर घेत. त्यांना बोलायला कोणी तरी लागत असावं. "ह्या बाईची कातडी बघ, कोरडी, जाड, भुवया झडलेल्या. हिला लोक आळशी म्हणतात. हिच्या गळ्यातली गाठ काम करत नाही." एक माणूस रात्रंदिवस अंग खाजवी; त्याला त्याच्या घरच्यांनी खरजेचं मलम लावलं होतं, आणि त्याचे डोळे हळदीसारखे होते. "खरूज कुठली? यकृत." एका मुलाच्या दंडावर फिका चट्टा होता, बाईंनी त्याला डोळे मिटायला सांगून तिथं कापसानं स्पर्श केला, आणि त्याला तो कळला नाही. त्याच्या बापाला वाटत होतं, जंताचा चट्टा आहे. तो महारोग होता. हे सगळे लोक कातडी बघत होते, धूत होते, चोळत होते, लपवत होते. ती काय म्हणते हे कुणी विचारत नव्हतं. माना बघायची माझी खोड तिथली.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी वडिलांना सुई टोचायला शिकवली आणि आत्याला समोर बसवून सांगितलं: साखर बंद, गूळ बंद, गोडधोड बंद. आत्यानं ते शब्द तसेच्या तसे पाठ केले. तिनं घरी आल्यावर चहात गूळ घालणं सगळ्यांचंच बंद केलं, आईला एकटीला वाईट वाटू नये म्हणून. पोळ्याला पुरणपोळी केली नाही. कुणी आईच्या हातावर पेढा ठेवला तर ती तो काढून घ्यायची आणि देणारीचा पाणउतारा करायची. इन्सुलिनची बाटली ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवायची, वाळू सुकू द्यायची नाही, हे तिचं काम. दगड न्हाणीत होता, पण आईच्या मानेला तिनं तो पुन्हा लावला नाही. आई सुधारली. जखम भरली, चालती-फिरती झाली, हसायला लागली. ते दिवस फार चांगले गेले.

मग पुन्हा गुऱ्हाळ सुरू झालं.

इंजेक्शन टोचलं की आईला कधी घाम यायचा, चक्कर यायची, हातपाय कापायचे. आता मला ठाऊक आहे, ते इन्सुलिन घेऊन वेळेवर न जेवल्यामुळे, साखर फार उतरून. आमच्याकडे बायका पुरुषांमागून जेवत. आत्याला त्याचा एकच अर्थ कळला: सुई गरम पडते. एवढं जालीम औषध अंगात जायचं, त्याची उष्णता कुठे जाईल? तिनं उपाय केला. सकाळी वडील सुई उकळायचे, मांडीला टोचायचे, आणि आत्या तांब्या घेऊन शेजारी उभी असायची. तांब्यात रस. आई प्यायली की तिचा घाम खरंच थांबायचा. आत्याला ह्याहून मोठी साक्ष कुठली हवी होती? मग दुपारी एक तांब्या, संध्याकाळी एक.

मी म्हणाले, "आत्या, रस गोड असतो. डॉक्टरीणबाईंनी गोड बंद सांगितलंय."

"गूळ बंद सांगितलाय," आत्या म्हणाली. "साकर बंद सांगितली. मी दिली का कंदी? रस म्हंजी उसाचं पानी. पानी बंद करा म्हनली का ती बाई?"

"पण रसाचाच गूळ होतो."

"दुधाचं तूप हुतं. म्हनून दूध पिलेल्याला तूप पिला म्हनती व्हय तू?"

मी वडिलांकडे पाहिलं. ते सुई फडक्यात गुंडाळत होते. त्यांनी दिवसभर काहील ढवळलेली. रस आटून गूळ कसा होतो हे आख्ख्या पंचक्रोशीत त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. मी म्हणाले, "तुम्ही तरी सांगा." ते म्हणाले, "आक्काला कळतं समदं. तिनंच तर वाचवली." आणि गुऱ्हाळावर गेले.

डॉक्टरीणबाईंवरही माझा राग आहे, आणि तो मी लपवत नाही. त्या गूळ म्हणाल्या, साखर म्हणाल्या, गोडधोड म्हणाल्या. रस म्हणाल्या नाहीत. आमच्या घरात घागरींनी रस येतो, तो पाण्यासारखा पितात आणि औषधासारखा देतात, हे त्यांना विचारावंसं वाटलं नाही. आम्हाला सांगावंसं वाटलं नाही, कारण आम्हाला ते सांगण्यासारखं काही वाटतच नव्हतं. दोन्हीकडची माणसं शहाणी, आणि मधल्या मधे माझी आई.

आई स्वतः काय म्हणत होती? ती म्हणायची, "असू दे गं पोरी. घशाला कोरड पडती. आन् वन्सं एवढ्या मायेनं आनत्यात." ती पुन्हा वाळायला लागली. पायाच्या अंगठ्याला चरा गेला तो भरेना. मान पुन्हा गडद झाली. मी रोज बघत होते आणि रोज सांगत होते. माझं ऐकायला मी कोण? उद्या लग्न होऊन जाणारी पोर.

एक दिवस ती सकाळी उठली तीच ओकत. दुपारपर्यंत तिला बोलवेना. श्वास मोठा, खोल, जड चालला होता, आणि तोंडाला वास येत होता, पिकून नासायला लागलेल्या फळासारखा. आत्या चमच्यानं तिच्या ओठांत रस सोडत होती. मी आत्याचा हात धरला तर तिनं मला ढकललं, म्हणाली, "आगीनं जळतीय ती, दिसत न्हाई का तुला?" वडिलांनी गाडी जुंपली. काष्टीच्या रस्त्याला लागेपर्यंत श्वास चालू होता. एसटीच्या थांब्यावर आम्ही तिला उतरवलीच नाही. गाडी तिथूनच वळवली.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस पडला नाही. पाट आटला, उभा ऊस वाळला, गुऱ्हाळाच्या चुलवाणात कुत्री निजायला लागली. सगळा जिल्हा त्या दुष्काळाला शिव्या देत खडी फोडत होता. मी पण फोडली. आणि खडी फोडताना माझ्या मनात एकच यायचं, की हा एक वर्ष आधी पडला असता तर माझी आई जगली असती. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. दुष्काळ मागणाऱ्या पोरीला गावानं काय केलं असतं?

पण मला सांगायचं आहे ते दुष्काळाच्या आधीचं, आई गेली त्याच संध्याकाळचं.

आईला अंगणात पाटावर बसवलं. बायकांनी भोवती लुगडी धरली. आत्यानं पाणी ओतलं, हळद लावली, केस सोडले. ती रडत नव्हती, ती कामात होती. मग तिनं केस बाजूला केले, मान उघडी केली आणि न्हाणीतून कुणाला तरी तो दगड आणायला लावला. तिनं तो पाण्यात बुडवला आणि मानेवर टेकवला.

मी तिचं मनगट धरलं. "तुला बाईंनी सांगितलं होतं ना? मळ नाही म्हणून?"

आत्या म्हणाली, "व्हय गं. पन लोकं येत्याल आता. शेवटचं बघत्याल तिला. काळ्या मानेनं कशी धाडू?"

तिला कळलं होतं. ते मला तेव्हा कळलं. मळ नाही हे तिला नगरपासून ठाऊक होतं, आणि तरी तिच्या हातात दगड होता, कारण लोक येणार होते. मी तो दगड हिसकला आणि भिंतीवर मारला. त्याचे दोन तुकडे झाले. बायका म्हणाल्या, पोर पिसाळली, धरा तिला. मला कुणी धरलं नाही.

मग मी तांब्या घेतला आणि आईची मान मीच धुतली, नुसत्या तळहातानं. ती कातडी मखमलीसारखी मऊ होती. तोवर मी त्या मानेला कधी हात लावला नव्हता. मी सगळ्या बायकांसमोर ती धुवत राहिले, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी तळहात उलटा करून त्यांना दाखवत राहिले. हात स्वच्छ होता.